पहाटेचा एकच तास : खर्जाचा रियाज की योगवर्ग?

षड्जपंचम, पुणे :

नमस्कार. मी ख्याल गाते आणि योग शिकवते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरही गुरूंकडची तालीम चालू राहिली. पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका घेतली आणि २०१७ पासून नियमित वर्ग घेऊ लागले. एक काम पोटासाठी आणि दुसरे मनासाठी, अशी विभागणी माझ्याकडे नाही. हे आधीच सांगते, कारण बहुतेक जण तसे गृहीत धरूनच सल्ला देतात.

सोमवार ते शनिवार पहाटे पावणेसहाला एका सोसायटीच्या सभागृहात पहिला वर्ग असतो आणि सव्वासातला दुसरा. दुपारी चार ते सात घरी गाण्याच्या शिकवण्या असतात. त्यांत प्रवेशिका परीक्षेची मुले आहेत आणि साठीनंतर गाणे शिकायला आलेल्या दोन आजीही आहेत. गुरुवारी एका महिला भजनी मंडळाला अभंग बसवून देते. संध्याकाळी कधी ज्येष्ठ गायिकांच्या मागे तानपुरा आणि स्वरसाथ, कधी नृत्याच्या कार्यक्रमासाठी गायन, आणि वर्षातून मोजक्या स्वतःच्या मैफली. गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंतच्या काळात रात्री साडेअकराला कार्यक्रम आटोपून घरी यायचे आणि पहाटे पुन्हा वर्गासाठी उभे राहायचे, असा क्रम असतो. २१ जून हा योगदिन आहे आणि जागतिक संगीतदिनही त्याच तारखेला येतो. त्यामुळे त्या दिवशी सकाळी मैदानावर ‘संगच्छध्वं संवदध्वं’ या प्रार्थनेने सुरू होणारा पंचेचाळीस मिनिटांचा सामायिक अभ्यासक्रम घेऊन मी संध्याकाळी मंचावर असते. तो दिवस मला वर्षातला सर्वांत आपला वाटतो.

अडचण पहाटेची आहे. पूर्वी मी पाच ते सहा खर्जाचा, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातल्या स्वरांचा रियाज करीत असे. मंद्र पंचमापर्यंत सावकाश उतरायचे, तिथे स्वर स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग भैरवाचा आलाप. तो तास आता वर्गाच्या तयारीत जातो. साडेआठपर्यंत माझे सलग बोलणे झालेले असते आणि दुपारी रियाजाला बसले की मंद्रातला आवाज पोकळ लागतो. गेल्या दोन मैफलींत हे मला स्वतःला जाणवले. श्रोत्यांना जाणवले असेल की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे.

आता एका कंपनीने आठवड्यातून तीन दिवस सकाळी पावणेनऊला तिसरा वर्ग घेण्याविषयी विचारले आहे. त्याचे महिन्याचे शुल्क माझ्या दोन मैफलींच्या मानधनापेक्षा अधिक आहे आणि ते वेळेवर मिळेल. कार्यक्रमाचे मानधन हाती येण्यास कधी कधी दोन महिने लागतात, हे इथल्या कलाकारांना सांगण्याची आवश्यकता नाही. हा वर्ग स्वीकारावा का? आणि ज्यांनी गाणे व योग ही दोन्ही कामे अनेक वर्षे केली आहेत, त्यांनी प्राणायाम आणि रियाज यांचा क्रम कसा ठेवला?


कृष्णाकाठ, मिरज :

ताई, मी बावीस वर्षे गाणे शिकवले आणि त्यांतली चौदा वर्षे योगवर्गही घेतले. तुमचा प्रश्न वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. तिसऱ्या वर्गाचा निर्णय थोडा बाजूला ठेवू, कारण माझ्या मते तुमचा आवाज वर्गांच्या संख्येपेक्षा वर्गात बोलण्याच्या पद्धतीमुळे थकतो आहे.

तुम्ही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून गात असाल असे धरून चालतो. त्या पट्टीचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा ‘सा’) स्त्रीच्या सहज बोलण्याच्या उंचीच्या जवळ असतो. सभागृहात पंखे चालू असतात, फरशीवरून आवाज घुमतो, शेवटच्या रांगेतल्या काकांना ऐकू जात नाही, आणि नकळत तुमच्या सूचना पंचमावर, कधी तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) जाऊन बसतात. दीड तास तार षड्जावर सरगम म्हणण्याचा रियाज कोणताही गुरू देणार नाही. आपण मात्र तेच ‘श्वास घ्या, हात वर, टाचा उचला’ या शब्दांत रोज करीत असतो. मोबाइलवर तानपुरा लावून स्वतःच्या एका वर्गाचे ध्वनिमुद्रण करा आणि आपण कोणत्या स्वरावर बोलतो ते तपासा. मी हे केले तेव्हा मला फार वाईट वाटले होते, पण उपाय त्यातूनच सापडला.

दुसरी गोष्ट म्हणजे आसनात असताना बोलू नये. भुजंगासनात मान मागे गेलेली असते, पश्चिमोत्तानासनात पोट दाबलेले असते, आणि अशा वेळी सूचना दिली की श्वासाचा आधार नसलेला आवाज केवळ गळ्यातून काढावा लागतो. आधी उभे राहून सांगावे, मग न बोलता करून दाखवावे आणि त्यानंतर वर्गात फिरून हाताने दुरुस्ती करावी. पंधरा दिवस एकच आसनमाला ठेवली, तर तिसऱ्या आठवड्यात आसनाचे नाव आणि श्वासाची मोजणी एवढेच पुरते. कॉलरला लावण्याचा छोटा माइक आणि लहान स्पीकर घ्या. हा खर्च तुमच्या गळ्यासाठी आहे. आवाज बसला म्हणून कुजबुजत सूचना देणाऱ्या शिक्षिकाही मी पाहिल्या आहेत. ओढून केलेल्या कुजबुजीने गळ्याला विश्रांती मिळत नाही, उलट ताण वाढतो.

आता प्राणायामाविषयी. हठयोगप्रदीपिकेत आठ कुंभक, म्हणजे प्राणायामाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतले सगळेच गायकाने रियाजाच्या तोंडावर करण्याचे नाहीत. भस्त्रिकेने आणि कपालभातीसारख्या क्रियेने घशाला कोरड पडते, म्हणून त्यानंतर निदान अर्धा तास मी गात नसे. उज्जायीत कंठ किंचित आवळून श्वास घर्षणासह घेतला जातो, आणि गाताना आपल्याला नेमका मोकळा कंठ हवा असतो. उज्जायी संध्याकाळी शिकवण्या संपल्यावर करावी. गारवा देणारी शीतली थंडीच्या पहाटे टाळावी. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी मात्र खर्जाच्या आधी उत्तम. भ्रामरीच्या गुंजनातून तसाच ओठ मिटून षड्ज धरायचा, आणि मग हळूहळू तोंड उघडत ॐकारात जायचे. माझ्या विद्यार्थ्यांचा खर्ज या एका सवयीने अधिक भरदार झाला.

तरीही एक गोष्ट आग्रहाने सांगतो. प्राणायाम केला म्हणजे रियाज झाला, असे मनाला कधी समजावू नका. प्राणायामात श्वास नाकाने, मोजून, घेताना आणि सोडतानाही सावकाश चालतो. गाताना श्वास क्षणात भरावा लागतो, तोही समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी मिळेल त्या फटीत, आणि मग तालाच्या दीर्घ आवर्तनभर पुरवावा लागतो. फुप्फुसे तीच असली, तरी सवय वेगळी आहे आणि ती गाऊनच लागते. मी काही वर्षे या गैरसमजात काढली आणि त्या वर्षांत माझे गाणे मागे राहिले.


ठेका, नागपूर :

मी तबला वाजवतो आणि आठवड्यातून चार दिवस योग शिकवतो. नागपुरात जनार्दन स्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य योगवर्गांची मोठी परंपरा उभी केली आहे आणि मीही तिथेच शिकलो. त्यामुळे स्वतः शुल्क घेऊन शिकवू लागलो तेव्हा बराच काळ मनात संकोच होता. शेवटी रविवारचा एक वर्ग विनामूल्य ठेवला आणि बाकीच्यांचे शुल्क स्पष्टपणे, आगाऊ, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत घेऊ लागलो. हा वेळेवर येणारा पैसा आहे म्हणूनच मला कमी मानधनाच्या पण उत्तम गायकाच्या साथीला जाता येते, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

हिशेब मात्र दोन वेगळ्या वह्यांत ठेवा. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या एका कार्यक्रमाचे कलाकाराचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. ही कार्यक्रमासाठीची सवलत आहे, योगवर्गाच्या शुल्काला ती मिळत नाही. सेवांची एकूण वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीचीच गरज पडत नाही. पण कंपनी बिल आणि करारपत्र मागेल, तेव्हा कागद तयार असावेत. करारात एक ओळ अवश्य घाला : कार्यक्रमाच्या दिवशी पर्यायी शिक्षक पाठवण्याची मुभा. माझ्याकडे अशी अट नव्हती, आणि एका संगीत महोत्सवासाठी तीन दिवस बाहेरगावी गेलो म्हणून एक वर्ग हातचा गेला.


भाता, पुणे :

मी हार्मोनियमची साथ करतो. योग शिकवत नाही, पण योगानेच माझी साथ टिकवली, म्हणून लिहितो. आमचा डावा हात सतत भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असतो, कमरेपासून वरचे शरीर किंचित वळलेले राहते, आणि मान गायकाकडे. अडीच तासांच्या मैफलीनंतर डाव्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत जी कळ यायची, तिच्यामुळे मी चाळिशीत साथ सोडण्याचा विचार करीत होतो.

आपल्या शहरात या विषयाला मोठा वारसा आहे. प्रख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांची पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली. अतिश्रमाने थकलेल्या त्या वादकाला गुरुजींच्या शिकवण्यातून इतका लाभ झाला की १९५४ मध्ये त्यांनी गुरुजींना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले, आणि आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असा त्यांचा गौरव केला. व्हायोलिन न वाजवणाऱ्या माणसाविषयी असे म्हणणे यात किती अर्थ आहे, हे मला स्वतःचा खांदा सुटल्यावर कळले. पुण्यातली त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ पासून आहे, आणि दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड यांच्या साहाय्याने आसन करवून घेण्याची ती पद्धत वादकांना फार उपयोगी पडते, कारण अवयवावर जबरदस्ती न करता त्यात बराच वेळ थांबता येते.

ताई, तुमच्याकडे दोन्ही विद्या आहेत, म्हणून एक सुचवतो. तिसरा वर्ग घ्यायचाच असेल तर तो कंपनीत सकाळी घेण्याऐवजी दुपारी कलाकारांसाठी घ्या. मांडी घालून तीन-तीन तास बसणारे गायक, तबलजी, सतारवादक आणि कीर्तनकारांच्या मागे उभे राहणारे टाळकरी यांच्या शरीराची दुखणी ठरावीक असतात आणि ती समजणारा शिक्षक सहसा मिळत नाही. सर्वसाधारण वर्गात मला मयूरासन करायला लावले गेले. दुसऱ्या दिवशी मनगट इतके सुजले होते की पट्टी दाबता येत नव्हती. वादकाच्या मनगटावर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शरीराचा भार टाकायचा नसतो, हे वादकांमध्ये वावरलेल्या शिक्षकाच्या लगेच लक्षात येते. तुमच्या लक्षात येईल.


सीमापार, लंडन :

इथे मी दोन ठिकाणी योग शिकवते आणि घरी मराठी मुलांना गाणे. शवासनात मी स्वतः तानपुरा छेडते. वर्गात ध्वनिमुद्रित संगीत लावायचे असेल, तर इथे त्यासाठी परवाना लागतो. स्वतःच्या तानपुऱ्याच्या स्वराला तो प्रश्न येत नाही. एक अनुभव मात्र सांगते : शवासनात आलाप गाऊ नये. सुरुवातीला मी गात असे आणि सर्वांना आवडतही असे, पण पडलेली माणसे गाणे ऐकू लागतात, शरीर सोडून देत नाहीत. नुसता तानपुरा, तोही लांबून, पुरेसा होतो. त्याने तुमच्या गळ्यालाही दहा मिनिटांची विश्रांती मिळेल.


षड्जपंचम, पुणे :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. उत्तरास तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

कृष्णाकाठ सर, ध्वनिमुद्रण केले. मी पंचमाच्याही वर, जवळजवळ धैवतावर बोलत होते. आता माइक घेतला आहे आणि आसनमाला पंधरा दिवस तीच ठेवते. पहिल्या वर्गातल्या मंडळींशी बोलून तो साडेसहाला आणि दुसरा पावणेआठला नेला. तीन जणांना कामावर जाण्यामुळे ते जमले नाही आणि ते वर्ग सोडून गेले, याचे वाईट वाटते. परंतु पावणेपाच ते पावणेसहा हा तास आता पुन्हा माझा आहे. भ्रामरी, षड्ज, ॐकार या क्रमाने बसते. मंद्र पंचम अजून पूर्वीसारखा भरत नाही. त्याच्या वरचा धैवत मात्र परवा नीट लागला.

कंपनीला नकार कळवला. भाता दादा, तुमची सूचना मनात घर करून बसली आहे. शनिवारी दुपारी अडीच ते साडेतीन असा कलाकारांचा वर्ग घरीच सुरू करण्याचे ठरवले आहे. चार जणांनी होकार दिला आहे आणि त्यांत एक पखवाजवादक आहेत. पखवाज आडवा ठेवून वाजवताना दोन्ही हात बाजूला फाकलेले राहतात, आणि त्यांची मुख्य तक्रार दोन्ही खांद्यांच्या पुढच्या भागाची आहे. गोमुखासनात पाठीमागे हात एकमेकांना पोहोचत नाहीत, म्हणून पट्टा देऊन सुरुवात करावी असा माझा विचार आहे. तुमच्या खांद्यासाठी पट्टा वापरला होता का, आणि किती दिवसांनी तो सोडता आला, हे कृपया कळवाल का?