'इन्फ्लेमेबल' वस्तू पेटते की पेटत नाही? इंग्रजीतल्या उपसर्गांबद्दल

इंग्रजी शब्दाआधी 'इन', 'अन', 'डिस', 'नॉन' यांपैकी काही लागलं की अर्थ उलटा होतो, असं शाळेत शिकवतात. करेक्ट-इनकरेक्ट, हॅपी-अनहॅपी, इथपर्यंत गाडी रुळावर असते. मग 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही कसा काय? 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान, आणि 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे त्याहूनही मौल्यवान! 'फेमस'ला 'इन' लागला की माणूस अप्रसिद्ध व्हायला हवा, तर तो कुप्रसिद्ध होतो. भाषांतर करताना 'अनइंटरेस्टेड' आणि 'डिसइंटरेस्टेड' ही जोडीही नेहमी आडवी येते. यामागे काही नियम आहे का, की एकेक शब्द पाठच करायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

तुम्ही तीन शब्द एका माळेत ओवलेत, पण तिघांची कुळकथा वेगळी आहे.

'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये दिसायला अगदी सारखे दोन 'इन' होते. एक नकार दाखवणारा, दुसरा 'आत, मध्ये' या अर्थाचा. या दुसऱ्या 'इन'पासून 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे हे क्रियापद झालं आणि त्यावरून 'इन्फ्लेमेबल'. दाह या अर्थाचा वैद्यकातला 'इन्फ्लमेशन' त्याच घरातला. 'इम्पोर्ट', 'इनव्हेड', 'इल्युमिनेट' यांतही हाच 'आत'वाला 'इन' आहे, पण तिथे कोणी फसत नाही. 'इन्फ्लेमेबल'मध्ये फसगत महागात पडू शकते, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात.

'इनव्हॅल्युएबल'मध्ये मात्र 'इन' नकाराचाच आहे. फक्त तो किंमत नाकारत नाही, किंमत ठरवता येण्याची शक्यता नाकारतो. आपला 'अमूल्य' नेमका असाच चालतो, आणि तिथे आपल्याला कधी अडखळायला होत नाही. ज्याला किंमतच नाही ते 'व्हॅल्युलेस', म्हणजे मूल्यहीन.

'इन्फेमस' हा शब्द बदनामीचा अर्थ लॅटिनमधूनच घेऊन आला. 'फेमस'पुढे 'इन' चिकटवून तो इंग्रजीत घडलेला नाही, त्यामुळे त्याला त्या गणितात बसवायला जाऊ नये.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडी भर घालतो.

लॅटिनचा नकारार्थी 'इन', इंग्रजीचा स्वतःचा 'अन', ग्रीकचा 'अ/अन्' आणि संस्कृतचा 'अ/अन्' ही चारही भावंडं आहेत, एकाच मूळ भाषेतून आलेली. संस्कृतात व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' येतो: अज्ञान, पण अनादि, अनंत. ग्रीकमधून आलेल्या इंग्रजी शब्दांत हुबेहूब हाच प्रकार आहे. 'एथिइस्ट'मध्ये नुसता 'अ', पण 'ॲनार्की' आणि 'ॲनिमिया'त 'अन्'. (उच्चार बदलला, स्पेलिंगमध्ये तो 'ए'च आहे.)

'इन'चं 'इम', 'इल', 'इर' होणं हाही उच्चाराच्या सोयीचा मामला. इम्पॉसिबल, इलीगल, इरेग्युलर. आपल्याकडे 'सम्' हा उपसर्ग संतोष, संगम, सन्मान यांत जसा पुढच्या अक्षराप्रमाणे रंग बदलतो, तसंच. ज्याला संधी कळतो त्याने ही रूपं वेगळी पाठ करायची गरज नाही.

एक तांत्रिक मुद्दा: संस्कृत व्याकरणात हा नकारार्थी 'अ' उपसर्गांत मोजत नाहीत. प्र, परा, अप, सम् वगैरे बावीस उपसर्ग वेगळे, आणि 'अ'चा नञ् समास वेगळा. त्या बाविसांबद्दल प्रसिद्ध वचन आहे: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते'. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. 'हृ' धातू एकच, आणि अर्थ पाच दिशांना. तेव्हा विक्षिप्तपणाचा मक्ता इंग्रजीने घेतलाय असं समजू नका. 'विफल'मध्ये 'वि' नकार आणतो आणि 'विख्यात'मध्ये जोर. 'अघोर'चा शब्दशः अर्थ 'घोर नसलेलं', पण मराठीत 'अघोर पाप' म्हणजे भयंकरच पाप.

---

'अन'बद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. लॅटिनसारखे इंग्रजीतही दोन 'अन' आहेत. विशेषणाला लागणारा 'अन' नकार देतो: अनहॅपी, अनक्लीन. क्रियापदाला लागणारा 'अन' नकार देत नाही, झालेली क्रिया उलटवतो. 'अनटाय' म्हणजे न बांधणे नव्हे, बांधलेलं सोडणे. 'अनड्रेस' म्हणजे कपडे न घालणे नव्हे, घातलेले काढणे. म्हणजे 'अनटाय' करायला आधी काहीतरी बांधलेलं असावं लागतं. जुन्या इंग्रजीत हे दोन उपसर्ग वेगळे होते, पुढे रूप एक झालं.

दोघांची टक्कर होते 'अनलॉकेबल'मध्ये. आधी 'अनलॉक' करून मग 'एबल' लावला तर जे उघडता येतं ते. आधी 'लॉकेबल' करून मग 'अन' लावला तर ज्याला कुलूपच लावता येत नाही ते. एकच शब्द, जवळजवळ उलटे अर्थ, आणि दोन्ही व्याकरणदृष्ट्या चोख. संदर्भाशिवाय सोडवून दाखवा!

आणि काही ठिकाणी उपसर्ग निव्वळ जोर द्यायला येतो. 'रॅव्हल' आणि 'अनरॅव्हल' दोन्हींचा अर्थ उसवणे, उलगडणे होऊ शकतो. 'डिसग्रंटल्ड' म्हणजे नाराज, पण त्यातल्या 'ग्रंटल'चा अर्थही कुरकुर करणे असाच होता. 'डिस'ने कुरकुर पुसली नाही, वाढवली.

---

सगळ्यांचे आभार. दोन 'इन', दोन 'अन' हे पटलं. पण 'अनइंटरेस्टेड' आणि 'डिसइंटरेस्टेड'मध्ये दोन्हीकडे सरळ नकारच आहे ना? मग अर्थ वेगळा कशाने झाला?

---

त्याचं उत्तर उपसर्गात शोधू नका, 'इंटरेस्ट'मध्ये शोधा. त्याचे दोन अर्थ आहेत: रस आणि हितसंबंध. 'अन'ने रस नाकारला, 'डिस'ने हितसंबंध नाकारला. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असायलाच हवा, म्हणजे निकालात त्याचं स्वतःचं काही गुंतलेलं नसावं. तो 'अनइंटरेस्टेड' असेल तर पक्षकारांचं कठीण आहे. मराठीत अनुक्रमे निःपक्षपाती किंवा तटस्थ, आणि उदासीन.

माझ्या मते उपसर्गाचं मुख्य काम हेच आहे. मूळ शब्दाचे दोन-तीन अर्थ असतील तर त्यातला कोणता उचलायचा हे तो ठरवतो. 'ह्युमन' म्हणजे मानवजातीचा आणि 'ह्युमन' म्हणजे माणुसकी असलेला. 'नॉनह्युमन'ने पहिला अर्थ नाकारला, म्हणून गाय 'नॉनह्युमन' आहे. 'इनह्युमन'ने दुसरा, म्हणून छळ करणारा माणूस 'इनह्युमन', अमानुष. 'नॉनप्रोफेशनल' म्हणजे जो त्या पेशातला नाही, 'अनप्रोफेशनल' म्हणजे जो पेशाला न शोभेलसं वागतो. 'नॉन' नुसतं वर्गीकरण करतो, 'अन' आणि 'इन' बहुधा शेराही मारतात. 'इम्मॉरल' आणि 'एमॉरल'चंही तसंच: एकजण नीती मोडतो, दुसऱ्याच्या लेखी नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत दोघांनाही 'अनैतिक' लिहून मोकळे होतात ते चूक आहे. दुसऱ्याला 'नीतिनिरपेक्ष' म्हणावं.

---

थोडा असहमत. 'डिसइंटरेस्टेड' रस नसलेला या अर्थानेही सतराव्या शतकापासून सापडतो, आणि त्याच काळात 'अनइंटरेस्टेड' निःपक्षपाती या अर्थानेही वापरलेला आहे. आज दिसणारी काटेकोर वाटणी नंतरची. तेव्हा वाक्य भाषांतरित करताना लेखकाने शब्द कोणत्या अर्थाने वापरलाय ते बघावं, कोशावर हवाला ठेवू नये. स्वतः लिहिताना मात्र फरक जरूर पाळावा, विशेषतः कायदेविषयक मजकुरात.

'अन' की 'इन' हेही बराच काळ डळमळीत होतं. अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हक्कांना 'अनएलिएनेबल' म्हटलंय, जेफरसनच्या मसुद्यात 'इनएलिएनेबल' होतं. आजही 'अनेबल' पण 'इनॅबिलिटी', 'अनजस्ट' पण 'इनजस्टिस', 'अनस्टेबल' पण 'इनस्टॅबिलिटी'. विशेषणाला घरचा 'अन' लागला, नाम लॅटिन-फ्रेंचमधून 'इन'सकट तयार आलं. हे मात्र पाठच करावं लागतं.

---

अवांतर: 'बायवीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा?

---

दोन्ही. कोशही दोन्ही अर्थ देतात. 'बायॲन्युअल' वर्षातून दोनदा आणि 'बायेनियल' दोन वर्षांतून एकदा, एवढं तरी वेगळं ठेवलंय. आठवड्याच्या बाबतीत तीही सोय नाही. मूळ लेखकाला विचारता येत असेल तर विचारा, आणि मराठीत 'पाक्षिक' किंवा 'आठवड्यातून दोनदा' असं स्पष्ट लिहा. 'द्विसाप्ताहिक' लिहिलंत तर तोच घोळ मराठीत येईल.