घरच्या पेशंटला एक डॉक्टर बास का?

शिवाजीपेठकर :
काल इथं एकानं लिहिलं, "म्हाताऱ्या माणसाला घरी बघायला जुना फॅमिली डॉक्टर बास. नर्स, फिजिओ, डाएटिशियन ही पैसे काढायची साखळी." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही. माझे वडील ७८ वर्षांचे, लकव्यानंतर घरीच आहेत. हार्टच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिलेली, फॅमिली डॉक्टरांनी तीच दुसऱ्या कंपनीची. आम्ही दोन्ही देत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा मोरीत चक्कर येऊन पडले. दोघंही चांगले डॉक्टर, पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. पकडलं ते ड्रेसिंगच्या सिस्टरनं, दोन्ही स्ट्रिपा उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचून. आता उशाशी शंभर पानी वही आहे, पेन सुतळीनं बांधलेलं. येणाऱ्यानं आधी मागचं पान वाचायचं, मगच लिहायचं.

कळंबारोड :
ती पोस्ट माझी. स्ट्रिपा वाचायला टीम कशाला, घरच्यांना डोळे नाहीत? आमच्या आज्जीचे डॉक्टर स्कूटरवरनं यायचे, त्यांना सगळं घर पाठ होतं. आता फिजिओसुद्धा नावापुढं डॉक्टर लावतात आणि आई त्यांनाच बीपीची गोळी विचारते.

फिजिओ_उचगाव :
काढलाच आहात विषय तर ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं फिजिओंनी 'डॉक्टर' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागं घेतलं. साडेचार वर्षं शिकलोय, मालिश करायला येत नाही मी.

कळंबारोड :
मागं घेतलं म्हणून पेशंटचा गोंधळ मिटला का? एमबीबीएस कोण, हे आईला कळायला नको?

फिजिओ_उचगाव :
गोळीचं विचारलं की मी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" म्हणूनच सांगतो. सगळ्यांना एका मापानं मोजू नका!

सिस्टर_बावडा :
भांडा तुम्ही. रात्रभर पेशंटजवळ असते ती नर्सिंग ब्युरोची मावशी, तिचं नाव कुणी घेतलं का? एका घरी फिजिओनं वहीत लिहिलेलं, 'आजोबांना पातळ देऊ नका, बसवून भरवा.' मावशींना वाचता येत नव्हतं, तोंडी कुणी सांगितलं नाही. रविवारी घरच्यांनी हौसेनं पांढरा रस्सा वाटीत दिला, मावशींनी आडवं ठेवूनच चमच्यानं पाजला. ठसका लागला, रस्सा श्वासनळीत गेला. चौथ्या दिवशी न्यूमोनिया, अ‍ॅडमिट. बोलणी मात्र मावशीनं खाल्ली.

शिवाजीपेठकर :
सिस्टर, आमच्या मावशींना वाचता येतं का हे मी कधी विचारलंच नाही.

कळंबारोड :
आणि या सगळ्यांचे पैसे? सत्तरीवरच्यांना सरकारच्या आयुष्मान विमा योजनेचे ५ लाख आहेत म्हणतात.

सिस्टर_बावडा :
ते अ‍ॅडमिट झाल्यावर. घरी येणाऱ्या सिस्टरला त्यातनं रुपया नाही.

कळंबारोड :
मग हेच सरकारला विचारा की. बरं, वही ठेवतो, मावशींना रोज वाचून दाखवतो. डॉक्टर शब्दाचं मात्र मागं घेणार नाही.

फिजिओ_उचगाव :
नका घेऊ. आईंना पाणी पिताना खोकला येतो का, तेवढं आज बघा.