गोल गोठ्याचं छप्पर खचतंय, मधे खांब द्यावा का?

प्रश्न (वासा-पाखी): अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला लाकडी गोल गोठा आहे, १९१०च्या आसपासचा. व्यास ६० फूट, मधे सायलो (वैरणीची उंच कोठी) नाही, वरच्या माळ्यावर एकही खांब नाही. उत्तरेकडे छप्पर पोटात गेलंय आणि तिथलीच भिंत बाहेर झुकलीय. मधे खांब देऊन उचलावं का?

ओळंबा: खांबाची घाई नको. या छपराचे वासे भिंतीला बाहेर रेटतात आणि तो रेटा भिंतीच्या माथ्यावरचं कडं पेलतं, बैलगाडीच्या चाकाला धाव आवळून धरते तसं. कडं म्हणजे वाकवून एकावर एक ठोकलेल्या पातळ फळ्या. शेजारच्या थरांचे सांधे एकाच जागी आले की ताण खिळ्यांवर येतो. आधी माथ्यावर किमान चार दिशांनी व्यास मोजा. व्यास सगळीकडे २ इंचांनी वाढला असेल, तर परीघ सव्वासहा इंचांनी वाढलेला असणार. तेवढ्या फटी सांध्यांत दिसायलाच हव्यात.

वासा-पाखी: उत्तर-दक्षिण ६० फूट ५ इंच, पूर्व-पश्चिम ५९ फूट ८ इंच. सांधे घट्ट आहेत.

ओळंबा: मग कडं सुटलेलं नाही, अंडाकृती झालंय. बाहेरून पट्टा आवळून काही होणार नाही. उत्तर-दक्षिण तारदोर टाका, मधे टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा आट्यांचा जोड). दोन्ही टोकांना रुंद पोलादी पाट्या द्या, नाहीतर दोर लाकडात रुतेल. आठवड्याला पाव इंच, जास्त नाही. छपरावर कौलपट्ट्यांचे (कौलांऐवजी ठोकलेल्या पातळ पट्ट्यांचे) जुने थर एकावर एक असतील तर आधी तेवढं ओझं उतरवा. आणि उत्तरेला दार आहे का? ट्रॅक्टर आत यावा म्हणून भिंतीच्या उभ्या पट्ट्या कापून दार रुंद केलं असेल, तर कड्याला तिथे खालून आधारच नाही.

करवत-कानस: दार तेच असेल तर आधी त्यावर जाड तुळई घाला, मग दोर ओढा. कड्याच्या कुजक्या फळ्या बदलताना १ इंची वापरा. ३० फुटी त्रिज्येला ती वाफेशिवाय वाकते, २ इंची मात्र खिळे उपसते. ओक्लाहोमातल्या आर्केडियाच्या गोल गोठ्यात (१८९८, व्यास तोच, ६० फूट) ओक ओला असतानाच साच्यात वाकवलाय. त्याचं छप्पर १९८८ला कोसळलं, दुरुस्ती १९९२ला पुरी झाली. शिखरावरचा झरोकाही बघून घ्या. पाणी तिथून शिरलं की वाशांची वरची टोकं कुजतात, आणि हे खालून दिसत नाही.