विषय: मास्टर गार्डनरचा अर्ज भरू का?

नमस्कार मंडळी,

इथे कॅलिफोर्नियात आमच्या काउंटीत मास्टर गार्डनरच्या, म्हणजे विद्यापीठाकडून शिकून लोकांना बागकामाचा सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांच्या, नव्या तुकडीचे अर्ज निघालेत. दोन वर्षं मी ती जाहिरात वाचते आणि गप्प बसते. अंगणात अळू, मेथी, गवार बरी येते, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी आपल्या झाडाचं दुखणं मला सांगतंच. पण मी बी.कॉम., वनस्पतिशास्त्र दहावीतच सुटलं. शिवाय पहिल्या वर्षी ५० तास काम द्यायचं म्हणे. नोकरी सांभाळून जमेल का? आपल्यापैकी कोणी केलंय का?

– अळूवाली

---

ताई, मी सहा वर्षं करतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बी.कॉम.चं डोक्यातून काढून टाका. माती, पाणी, कीड, छाटणी हे सगळं विद्यापीठाची माणसं शिकवतात. मुळात ही योजनाच तशी जन्मली. १९७३ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात घरगुती बागवाल्यांच्या फोनांनी कृषिविस्तारवाले, म्हणजे विद्यापीठातर्फे शेतीचा सल्ला देणारे, जेरीला आले, तेव्हा त्यांनी हौशी लोकांनाच शिकवून उत्तरं द्यायला बसवलं. आपल्या कॅलिफोर्नियात १९८१ पासून आहे. ५० तास वर्षभरात निघतात, पुढे दरवर्षी २५ तास काम आणि १२ तास अभ्यास. बोटांचे ठसे द्यावे लागतात, घाबरू नका.

खरं अवघड आहे ते जीभ आवरणं. पहिल्याच महिन्यात एक बाई बुडाशी काळा पडलेला टोमॅटो घेऊन आल्या. "अंड्याची टरफलं घाला" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आमच्या घरी तेच करायचे. शेजारी बसलेल्या जुन्या आजींनी आधी विचारलं, "पाणी कधी घालता?" आठवड्यातून एकदा, तेही भसाभस. असा डाग फळाला कॅल्शियम कमी पडल्याने येतो. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच, पण पाणी अनियमित असलं की ते फळापर्यंत पोचत नाही. टरफलं तर कुजायलाच कितीतरी काळ लागतो. बिल्ला लावून बसलात की संशोधनाचा आधार असेल तेवढंच बोलायचं. घरची तंबाखूची फवारणी सांगायची नाही, आणि हे पद वापरून धंदाही करायचा नाही. दिवसातून चार वेळा "मला माहीत नाही, शोधून कळवतो" म्हणता येत असेल तर डोळे मिटून अर्ज भरा.

आणि एक. आपल्या लोकांच्या रागाची तयारी ठेवा. कढीपत्ता हा लिंबूवर्गीय झाडांचा चुलत भाऊ. त्याच्या कोवळ्या पाल्यावर सिट्रस सिला नावाची इवलीशी कीड राहते आणि तीच लिंबू-संत्र्याच्या झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते. त्यावर इलाज नाही, झाड तोडावंच लागतं. कॅलिफोर्नियात हा रोग २०१२ साली सापडला. म्हणून क्वारंटाइन क्षेत्रातून, म्हणजे कीड किंवा रोगामुळे निर्बंध घातलेल्या भागातून, कढीपत्त्याचं रोप बाहेर न्यायला बंदी आहे, आणि जिथे रोगच सापडलाय तिथे ते घराच्या आवाराबाहेरही काढायचं नाही. मी विदर्भातला, संत्र्याच्या बागा उजाड होताना पाहिल्यात. तरी हे सांगितलं की लोक म्हणतात, "काका, एका रोपानं काय होतंय!"

– संत्रेवाले काका

---

काका,

तुमचं पत्र वाचून आधी पोटात गोळा आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून काय लुटलं, आठवतंय का? कढीपत्त्याची रोपं. अठरा. काही तर दुसऱ्या काउंटीत गेलीत.

– अळूवाली

---

ताई, झालं ते झालं. राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की क्वारंटाइनचा नकाशा दिसतो. आधी तो बघा. रोपं आता कोणी कुठे हलवू नका, कचऱ्यातही टाकू नका. काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला फोन करा. रागावत नाहीत, उलट कोणी आपणहून सांगितलं की बरं वाटतं त्यांना.

– संत्रेवाले काका

---

मंडळी,

फोन केला. अर्जही काल रात्री भरला. "तुम्हाला हे का करायचंय" या रकान्यात वाणाची गोष्टच लिहिली. ज्यांच्याकडे माझं रोप आहे त्यांनी आपलं गाव आणि पिनकोड मला खासगीत कळवा. अकरा जणींचं कळलंय, सात राहिल्यात. पुढच्या संक्रांतीला स्टीलच्या वाट्या.

– अळूवाली