मदत हवी आहे: वादळानंतर बेडकांचा आवाज घटला, पण बेडूक घटले का?

नमस्कार. रात्रीची बेडूक-गणती केलेल्यांकडून सल्ला हवा आहे.

मी एका पावसाळी जंगलात ठरलेल्या चौकटींमध्ये झाडबेडूक मोजते. चार महिन्यांपूर्वी मोठं वादळ होऊन गेलं. जिथे भर दुपारीही अंधारलेलं असायचं तिथे आता ऊन थेट जमिनीवर पडतं. सुरुवातीच्या रात्री एकाही नराने साद घातली नाही, आणि अजूनही आवाजाची नोंद आधीच्या निम्मीच येते. म्हणून अहवालात 'घट' लिहिणार होते.

पण परवा मोडलेल्या फांद्यांच्या ढिगातून एक सुकून गुंडाळलेलं पान उचललं, तर आत अंड्यांचा पुंजका आणि त्यावर पोट टेकून बसलेला नर! पान अलगद परत ठेवलं. तेव्हापासून माझे आकडे मलाच पटेनासे झालेत.

प्वेर्तो रिकोतल्या लुकियो जंगलात १९८९ च्या ह्युगो वादळानंतर कोकी बेडकांची संख्या पुढच्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली होती. कोकीला डबकं लागत नाही, अंड्यातून थेट पिल्लू बाहेर येतं, त्यामुळे पडलेला पाला म्हणजे त्याला आयतं घर. मी मोजते ती बेडकांची जातही तशीच आहे. पण पिल्लांची मला जास्त काळजी वाटते. नखाएवढं अंग, पातळ कातडी. उघड्या रानात ती लगेच सुकतात.

अडचण अशी की ऊन आणि पाला, दोन्ही एकाच दिवशी आले. लुकियोत २००४-०५ मध्ये मुद्दाम फांद्या छाटून, काही चौकटींत पाला टाकून आणि काहींतून उचलून, दोन्हींचे परिणाम वेगळे तपासले गेले. मला तसं करता येणार नाही. प्रत्येक चौकटीत पाल्याची जाडी आणि वरचं उघडं आभाळ वेगवेगळं मोजलं, तर काही हाती लागेल का? आणि ढीग न उपसता आतले बेडूक मोजायचे कसे? उपसला तर त्यांचं घरच मोडेल. बेडकांना आत बसता येईल असे बांबूचे पोकळ तुकडे ठेवून पाहावेत, तर नव्या जागेमुळेच संख्या वाढण्याची भीती.

पुढची फेरी येत्या अमावास्येला आहे. तोवर जुनी आवाजाची गणती तशीच ठेवून सोबत नवी पद्धत जोडू, की आधी दोन्ही पद्धती वादळ न लागलेल्या चौकटीत ताडून पाहू?