पाय बांधायची चिनी प्रथा: सगळं पुरुषांच्या हौसेपायीच का?

शंकेखोर:
सध्या 'जिन पिंग मेइ' ही मिंग काळातली चिनी कादंबरी वाचतोय. त्यातल्या पान जिनलियनच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या इवल्याशा जोड्यांचंच कौतुक जास्त! कादंबरीचा नायक शिमेन छिंग तर तिचं पाऊल चिमटायला मिळावं म्हणून चॉपस्टिक मुद्दाम खाली पाडतो. पुरुषांना लहान पावलांचं वेड, म्हणून मुलींचे पाय बांधायचे, असंच सगळीकडे वाचलंय. पण शेकडो वर्षं, पार शेतकऱ्यांच्या घरांतसुद्धा, एवढ्याशा कारणासाठी? मला पटत नाही. जाणकार, बोला.

जोडेवाली:
जाणकार नाही, पण पादत्राणांच्या डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे या जोड्यांचं वाचन बरंच झालंय.

आधी पाय कसा बांधत ते. मुलगी चार ते आठ वर्षांची असताना अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडायची आणि लांब पट्टीने टाच व चवडा एकमेकांकडे ओढून आवळायचं. हळूहळू कमान मोडते आणि तळव्याला मधोमध खोल घडी पडते. आदर्श माप तीन चिनी इंच, म्हणजे जेमतेम १० ते ११ सेंमी. बहुतेकींचे पाय याहून मोठेच राहत. हे करणारी बहुधा आई किंवा घरातली म्हातारी बाई. पुरुष त्या खोलीत नसे.

दहाव्या शतकात दक्षिण तांग राज्याचा राजा ली यू याच्या दरबारात याओ न्यांग नावाची नर्तकी रेशमाने पाय बांधून सोन्याच्या कमळावर नाचली आणि तिथून हे सुरू झालं, असं सांगतात. ती आख्यायिका. पुरावा हवा असेल तर फूचौ शहरातली हुआंग शंग या तरुणीची कबर बघा. ती १२४३ साली वारली, आणि तिच्या पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या मिळाल्या. त्याच शतकात छे रुओश्वेइ हा विद्वान, काही दोष नसलेल्या चार-पाच वर्षांच्या पोरींना हा छळ कशासाठी, असं विचारतोय. म्हणजे 'त्या काळी कुणाला वावगं वाटत नव्हतं' हे खोटं.

वेड होतंच, नाही कसं म्हणू? चौदाव्या शतकातला यांग वेइझन हा कवी नर्तकीच्या जोड्यात पेला ठेवून दारू पीत असे. (मला नुसतं वाचूनच कसंतरी झालं.) पण गंमत बघा, उघडं पाऊल बघायचंच नसे. रात्रीसुद्धा पायात मऊ झोपायचे जोडे. भुलायचं ते भरतकामाला, आकाराला आणि जपून टाकलेल्या पावलाला. मनोविश्लेषक फ्रॉइडनेही १९२७च्या निबंधात या प्रथेचा दाखला दिलाय, पण त्याची नजर पुरुषावरच. पट्टी आवळणारी आई त्यात कुठेच नाही.

सूतकताई:
माझ्या मते अर्धं उत्तर चरख्यात आहे. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासिकांनी चीनच्या खेड्यांत फिरून पाय बांधलेल्या वृद्ध स्त्रियांना विचारलं, लहानपणी तुम्ही काय काम करत होता? सूत काढणं, कापड विणणं, असली बैठी कामं. सहा-सात वर्षांची पोर तासन्‌तास एका जागी बसवायची तर पाय बांधलेले सोयीचे, असा त्यांचा तर्क. गिरणीचं स्वस्त सूत आल्यावर घरच्या सुताला भाव राहिला नाही आणि प्रथाही ढिली पडली.

जोडेवाली:
मुद्दा जोरदार आहे, पण एकट्याने पुरत नाही. सुताची गरज नसलेल्या श्रीमंत घरांतही पाय बांधतच होते. तिथे लग्नाचा बाजार. 'मोठ्या पायांची' म्हणून मुलगी घरात राहील ही धास्ती.

शंकेखोर:
मग इतकी मुरलेली प्रथा गेली कशी? कायद्याने?

जोडेवाली:
नुसत्या कायद्याने नाही. कांगशी सम्राटाच्या काळात १६६४ मध्ये बंदी आली आणि १६६८ मध्ये गुपचूप मागे घ्यावी लागली. त्सिशी राणीचं फर्मान १९०२चं, प्रजासत्ताकाची बंदी १९१२ची. माझ्या मते खरं काम केलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेल्या, पाय बांधण्याविरुद्धच्या मंडळांनी. सभासदांनी शपथ घ्यायची: मुलीचे पाय बांधणार नाही आणि मुलाला पाय बांधलेली सून आणणार नाही. दुसऱ्या कलमातच सगळी मेख. नवरा मिळायची खात्री झाली की आईचा हात थांबतो. हबेइ प्रांतातल्या डिंगश्येनमध्ये १९२९ साली पाहणी झाली. १८८९ पूर्वी जन्मलेल्या बायकांपैकी ९९.२ टक्क्यांचे पाय बांधलेले होते. १९१९ नंतर जन्मलेल्या मुलींत एकीचेही नाहीत!

शंकेखोर:
बाप रे. आणि मांचू बायका? कांगशीसारखे सम्राट मांचूच, म्हणजे त्या तर सत्ताधारी जमातीच्या.

सूतकताई:
त्यांना मनाईच होती. दक्षिण चीनमधल्या हाक्का समाजाच्या बायकाही बांधत नसत, त्या शेतात राबायच्या. पण मांचू बायकांनाही ती डुलती चाल हवीच होती. मग त्यांनी तळव्याच्या मध्यावर उंच लाकडी ठोकळा असलेले जोडे घातले. तोल सांभाळत चालायचं, संध्याकाळी काढून ठेवायचे.