मदत हवी आहे: बाबांच्या पंचाहत्तरीला घरचं टोमॅटो सूप आणि ब्रेड करायचा आहे, ब्रेड दोनदा बिघडला

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या बाबांना ७५ वर्षं पूर्ण होतात. हॉल नको, हॉटेल नको, घरीच सगळे एकत्र जेवू, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. काय करू विचारलं तर म्हणाले, "सूप आणि ब्रेड कर. लोणी लावून."

यामागे एक आठवण आहे. नोकरीत असताना कामासाठी ते मुंबईहून राजधानीने दिल्लीला जायचे. त्या गाडीत रात्रीच्या जेवणाआधी टोमॅटो सूप, ब्रेडस्टिक आणि लोण्याची छोटी वडी देतात. आम्ही लहान असताना ते परत आले की त्या सूपचं वर्णन करायचे आणि आम्ही डोळे मोठे करून ऐकायचो. आता त्यांना कवळी आहे, भाकरी चावत नाही, संध्याकाळी बहुतेक वेळा दूधपोळी कुस्करून खातात. त्यामुळे त्यांनी आपणहून काही मागितलं याचंच मला फार वाटलं. मला ते विकत आणायचं नाही, करायचं आहे.

जेवायला नऊ जण आहोत: आई-बाबा, भाऊ-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही तिघं. घर नाशिकला, थंडी कडक पडली आहे. माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी आहे. त्यात केक आणि नानकटाई नीट होतात, ब्रेड कधी केला नव्हता.

आतापर्यंत काय झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक शोधायला सोपं जाईल.

पहिला प्रयत्न: अर्धा किलो लोकवन गव्हाची गिरणीतली कणीक. यीस्टचं पाकीट पावसाळ्याच्या आधी फोडलेलं, कपाटात होतं. पाणी चांगलं गरम घेतलं, बोट जेमतेम ठेवता येईल इतकं. पोळ्यांच्या कणकेसारखं घट्ट मळून ओट्यावर तासभर झाकून ठेवलं. काहीच फुगलं नाही, तरी १८० वर ४० मिनिटं भाजलं. वरून कडक, आतून गच्च. सुरी जाईना.

दुसरा प्रयत्न: नवीन यीस्ट, अर्धा मैदा अर्धी कणीक, पाणी कोमट. यावेळी थोडं फुगलं. भाजताना घरभर छान वास आला म्हणून गरम असतानाच कापला, तर आत चिकट लगदा आणि वरचा रंग पांढुरकाच.

सूपची अडचण वेगळी. टोमॅटो उकडून, वाटून, गाळून गॅसवर ठेवले आणि कपभर दूध घातलं तर फाटलं. चवही आंबट. साखर वाढवली तर सॉससारखं लागायला लागलं.

कृपया सांगा: कणीक पूर्ण सोडावी लागेल का? थंडीत पीठ फुगवायचं कसं? सूप दुधाशिवाय दाट कसं होईल? आणि बाबांना चावेल इतका मऊ ब्रेड मला जमेल का?

प्रतिसाद १

जमेल. तुमच्या वर्णनातच सगळी कारणं आहेत.

पहिल्या वेळी यीस्ट मेलं होतं, नाहीतर तुमच्या पाण्याने मेलं. साधारण ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट टिकत नाही. पाणी तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकं कोमट हवं. दर वेळी आधी तपासा: अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, त्यात यीस्ट, दहा मिनिटं झाकण. वर फेस आला तरच पिठात घाला. पाकीट फोडलं की हवाबंद डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं.

कणकेचं म्हणाल तर आपल्या गिरणीच्या पिठात कोंडा असतो आणि ते पाणीही जास्त पितं. कोंड्याचे कण पिठाची तार तोडतात, म्हणून हवा धरून ठेवली जात नाही. पोळीला ते चालतं, ब्रेडला नाही. या खेपेला ३५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम कणीक घ्या. त्याला सव्वातीनशे मिली पाणी (यीस्ट फुलवायला घेतलेलं यातलंच), ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम लोणी. वजनकाटा असेल तर तोच वापरा, वाटीच्या मापाने पाणी नेहमी चुकतं.

मळणं पोळीसारखं नाही. पुरणपोळीची कणीक आठवा: सैल, हाताला चिकटणारी, तिंबून तिंबून लवचीक झालेली. तशीच १२ ते १५ मिनिटं तिंबा. सुरुवातीला चिकटतं म्हणून वरून पीठ भुरभुरवायचा मोह होतो, तो आवरा. लोणी शेवटच्या पाच मिनिटांत घाला. लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला आणि उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला की मळणं पुरे.

थंडीसाठी तुमचा ओटीजीच वापरा, बंद ठेवून. आत उकळत्या पाण्याचं भांडं ठेवा, शेजारी पिठाचं पातेलं, दार लावून घ्या. पाणी गार झालं की बदला. किती वेळ लागेल हे घड्याळावर ठरवू नका, पीठ दुप्पट व्हायला हवं. नाशिकच्या थंडीत ओट्यावर त्याला तीन तासही लागतील, ओटीजीत दीड तासात होईल.

आता मुख्य सल्ला. बाबांसाठी करताय तर मोठा ब्रेड नको, लादीपाव करा. ८० ग्रॅमचे गोळे एकमेकांना टेकतील इतके जवळ लावायचे. बाजू एकमेकांत चिकटून वाढतात, त्यामुळे तिथे कडक साल धरतच नाही. पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला की तयार. वरून दूध लावा, आधी १५ मिनिटं तापवलेल्या ओटीजीत १९० अंशांवर २० ते २२ मिनिटं. रंग आला नाही तर शेवटची तीन मिनिटं फक्त वरचा रॉड. बाहेर काढल्या काढल्या लोणी फिरवा आणि सुती फडक्याने झाका. वाफेने वरची सालही मऊ पडते.

गरम कापू नका. बाहेर काढल्यावरही आतलं पीठ थोडा वेळ जमत असतं, लगदा झाला त्याला हेही एक कारण आहे. मोठ्या ब्रेडला तासभर लागतो, पावांना २०-२५ मिनिटं पुरतात.

प्रतिसाद २

ब्रेडस्टिकचं वाचलं म्हणून लिहिते. वरचं प्रमाण दीडपट करा. बारा पाव होऊन पीठ उरेल. त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या करून तूप, जिरं लावा. पाव दुसऱ्यांदा फुगत असतात त्या वेळात १८० वर १८-२० मिनिटं भाजून घ्या. ओटीजी तापलेलाच राहतो आणि त्याच्या जवळ ठेवलेले पावही लवकर फुगतात. काड्या कडक होतील, पण सूपमध्ये बुडवल्या की मिनिटभरात मऊ पडतात, त्यामुळे कवळीची काळजी नाही. काकांना गाडीतली आठवण येईल.

प्रतिसाद ३

सूपबद्दल मी सांगतो. नाशिकला आहात म्हणजे टोमॅटो ताजे मिळतील. पिंपळगाव बसवंतहून दिवसाला गाड्याच्या गाड्या बाहेर जातात, तेव्हा घेताना निवडून घ्या. गावरान टोमॅटो साराला उत्तम पण सूपला फार आंबट पडतो. लांबट, गराचा, पूर्ण लाल झालेला घ्या. अर्धवट पिकलेला असेल तर दोन दिवस टोपलीत बाहेर ठेवा, फ्रिजमध्ये नको.

नऊ जणांना दोन किलो टोमॅटो. दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं आणि सहा-सात मिरे लोण्यावर मंद परता, कांदा लाल होऊ द्यायचा नाही. त्यात दोन गाजरं आणि एक मध्यम बटाटा चिरून, मग टोमॅटो. पाणी अर्धी वाटीच, टोमॅटोला स्वतःचं पुष्कळ सुटतं. कुकरला दोन शिट्ट्या.

गाजराने आंबटपणा उतरतो, म्हणून साखर चमचा-दीड चमचाच लागते. बटाट्याने दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही आणि ती गिळगिळीत चकाकीही येत नाही. तमालपत्रं काढून पूर्ण गार करा, मगच मिक्सरला लावा. गरम वाटलं तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. गाळून पुन्हा उकळी आणा, मीठ शेवटी.

दूध अजिबात नको. टोमॅटोच्या आंबटाने तापलेलं दूध फाटणारच. त्याऐवजी घरची साय घोटून घ्या आणि गॅस बंद करून, वाट्यांत वाढल्यावर वरून चमचाभर सोडा. काहीजण आंबटपणा मारायला खायचा सोडा घालतात, तो घालू नका. टोमॅटोची चवच जाते.

सूप शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. रविवारची दुपार मग पावासाठी मोकळी राहील. आठला पानं घ्यायची असतील तर तीनला पीठ भिजवा.

आणि तो पहिला गच्च ब्रेड टाकला नसेल तर बारीक तुकडे करून ओटीजीत वाळवा. मिक्सरमधून काढलेला चुरा कटलेटला लागतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी अर्ध्या प्रमाणात करून पाहिलं. तिंबताना आठव्या मिनिटापर्यंत पीठ हाताला इतकं चिकटत होतं की पुन्हा बिघडलं असं वाटलं, पण मूठभर पीठ घालायचं टाळलं आणि दहाव्या मिनिटाला ते आपोआप सुटायला लागलं. पडदा झाला. मी मुलीला हाक मारून दाखवला.

रविवारी तीनला सुरुवात केली. ओटीजीतलं पाणी दोनदा बदललं, पीठ पावणेदोन तासांत दुप्पट झालं. बारा पाव आणि एकोणीस काड्या. कडेचे दोन पाव जरा जास्त लाल झाले, ते भावाने मागून घेतले. सूप शनिवारचं होतं, गाजराचा सल्ला फार कामाला आला.

बाबांनी आधी काडी घेतली, बुडवली आणि थोडं थांबले. मग नातवंडांना गाडीची सगळी गोष्ट सांगितली. तीच, आम्हाला सांगायचे ती, लोण्याच्या वडीसकट. सूप दोनदा घेतलं. पाव तीन खाल्ले, न कुस्करता.

एक शंका उरली आहे. आईला मधुमेह आहे, तिने अर्धाच पाव खाल्ला आणि मैदा आहे म्हणून बाजूला ठेवला. तिच्यासाठी फक्त कणकेचे, आकाराने लहान पाव करायचे तर पाणी किती वाढवू? आणि कणीक चाळून कोंडा वेगळा भिजवून नंतर घातला तर तार तुटणं कमी होईल का? कोणी करून पाहिलं असेल तर प्रमाणासकट लिहा, येत्या शनिवारी करायचा विचार आहे.